मेंढरांनी तुडवलेला बांध

आमच्या होनमाळला माणसांनी बांध घातले असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. आमच्या गावचे बांध मेंढरांनी घातले. मेंढरांना त्या कामाला लावलं मायाक्का धनगरणीनं, आणि या सगळ्याला कारण झालं ते माझ्या सासऱ्यांचं तोंड. सासरे आता नाहीत म्हणून मला हे लिहायला धीर आलाय असं समजू नका. ते होते तेव्हाही मी त्यांच्यादेखत हे सांगायची, आणि ते पानाला चुना लावत मान हलवायचे.

मी सोलापूरच्या बाळीवेशीतली. बत्तीस साली लग्न होऊन इकडे आले. मंद्रूपच्या वाटेवरून आत वळलं की आधी माळ लागतो, मग आमचं रान, चिंचेची पट्टी, आणि मग गाव. सासऱ्यांचं नाव वीरभद्रप्पा, पण घर आणि गाव त्यांना आप्पाच म्हणे. आप्पा घरात कानडी बोलत, रानात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. मनानं वाईट नव्हते, पण त्यांचं बोलणं पुढे धावायचं आणि विचार मागून लंगडत यायचा. सोलापूरला तेव्हा कोरडवाहू शेतीचं सरकारी केंद्र नुकतंच निघालं होतं, आणि खात्याची माणसं गावोगाव बांध घाला म्हणून सांगत फिरायची. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं. बांधाला मजूर लागतात, बांध जागा खातो, आणि बांधावर जोंधळा येत नाही. हा आतबट्ट्याचा व्यवहार कुणी सांगितलाय?

खरं सांगायचं तर मलाही ते पटायचं. मी शहरातली, मला माती म्हणजे पायाला लागते ती एवढंच माहीत.

मायाक्काची नि माझी ओळख पहिल्याच उन्हाळ्यात झाली. उंच बाई, पायात जाड वहाणा, कमरेला भंडाऱ्याची पिशवी, आणि चाल अशी भरभर की तिच्याशी बोलायचं तर पळावं लागे. नवरा गुंडा तिच्या मागून यायचा. तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली तीन मेंढरांशी. त्यांचा कळप मोठा होता, पण बोटभर जमीन नव्हती. जोंधळा निघाला की गावोगावचे शेतकरी त्यांना बोलवत. रात्री मेंढरं रानात बसवायची, भोवती वाघर म्हणजे दोरीचं जाळं लावायचं, सकाळी उठवून पुढच्या तुकड्यात न्यायची. लेंड्या आणि मूत रानाला, आणि त्या बदल्यात ठरलेलं धान्य धनगराला. आणखी एक रिवाज होता. ज्या रात्री मेंढरं बसतील त्या रात्री मेंढक्याचं जेवण रानाच्या मालकानं रानात पोचवायचं. त्यामुळे अख्ख्या गावात कुणाच्या सुनेला काय रांधता येतं ते मायाक्काला ठाऊक असे, आणि ती ते लपवत नसे. माझ्या पहिल्या भाकरीबद्दल ती जे बोलली ते मी इथं लिहिणार नाही.

त्याच वेळी तिनं मला मनातलं एक सांगितलं. म्हणाली, "आमी जल्मभर दुसऱ्याच्या रानात सोनं टाकलं, वैनी. एक डाव आपल्या रानात आपली मेंढरं बसवायची हायत. मग मेले तरी चालंल."

मला हसू आलं होतं. जमीन आकाशातून पडणार होती का तिला?

तेहतीसच्या सुगीत आमच्या खळ्यावर जोंधळ्याची रास लहान पडली. मायाक्का आपलं धान्य न्यायला आली तेव्हा आप्पांनी हात आखडून माप घातलं, आणि वर म्हणाले की तुझ्या मेंढरांनी नुसता मुक्काम केला, खत काही टाकलं नाही. मायाक्कानं पदर खोचला. चारचौघांत तिनं सांगितलं की खत टाकलं होतं आणि ते सीना नदीला पोचलंसुद्धा. चिंचेच्या पट्टीला उतार आहे. पाऊस आला की वरची काळी माती धुपते आणि लेंड्यांसकट खालच्या ओघळीत जाते. जागोजाग मुरूम वर आलाय. आप्पा निम्म्या खताला पूर्ण धान्य मोजतात आणि उरलेलं निम्मं नदीला दान करतात. हे तिनं इतकं सरळ सांगितलं की खळ्यावरची माणसं मिशीतल्या मिशीत हसायला लागली.

आप्पांना दुसऱ्याचं हसू कधी सोसलं नाही. ते म्हणाले, "लई कळतंय तुला. मग धर की. त्या ओघळीत जेवढी माती धरशील तेवढी तुजी."

ती ओघळ आमचीच, पण कुणी तिला जमीन म्हणत नसे. पट्टीच्या खालच्या कडेला सुरू होऊन ओढ्याला मिळणारा तो एक चर होता, बैल उतरला तर शिंगं दिसू नयेत इतका खोल. त्यात बोरी, सापाची बिळं आणि गोटे. आप्पांनी ती दिली म्हणजे काहीच दिलं नाही असं सगळ्यांना वाटलं.

मायाक्काला तसं वाटलं नाही. तिनं कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा खळ्याच्या मधल्या खांबावर, तिवड्यावर, ठेवला आणि म्हणाली, "हात लावा, आप्पा."

धनगराच्या भंडाऱ्यावर हात ठेवून दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. आप्पांनी गळ्यातलं लिंग सावरलं, आजूबाजूला बघितलं, हसत दोन बोटं भंडाऱ्याला लावली आणि पुन्हा मापाकडे वळले.

त्या उन्हाळ्यात मायाक्कानं दुसऱ्या गावांची बोलावणी नाकारली. निम्मा कळप गुंड्याबरोबर लांब चरायला पाठवला आणि निम्मा घेऊन ती ओघळीशी राहिली. गावात जो तो तिचा तोटा मोजत बसला. घरात येणारं धान्य सोडून बाई दगड गोळा करते म्हणजे उन्हानं डोकं फिरलंय असं ठरलं. तिचा हिशेब वेगळा होता, आणि तो ती कुणालाही ऐकवायची. माळावरचा दगड फुकट, माती फुकट, हात आपले. धान्य एक वर्षाचं जाईल, आणि ओघळ भरली तर रान जन्माचं होईल. तिनं ओघळीत आडवा दगडांचा पाया घातला, त्यावर मुरूम आणि चिकण माती टाकली. बांध उभा राहिला, पण माती भुसभुशीत. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. आप्पा बघून आले आणि म्हणाले की हा पहिल्या पाण्यात विरघळणार. धुमसाच्या जड ठोकळ्यानं ठोकायला माणसं लागतात, आणि ती मजुरी हिला कुठून परवडणार?

मेच्या शेवटी वळीव पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात न्याहारी घेऊन निघाले होते, तर ओघळीकडून ढोल ऐकू आला. मी टोपलं डोक्यावर घेऊन तशीच पळत गेले. आणि काय पाहिलं म्हणता! वळवानं ओल्या झालेल्या बांधावर मेंढरं धावत होती. या टोकाला कळप घेऊन परतलेला गुंडा ढोल बडवत होता, त्या टोकाला मायाक्का मूठभर मीठ घेऊन उभी. पुढे एक दाढीवाला बोकड, त्याच्यामागे अख्खा कळप. मिठाच्या आशेनं सगळी त्या टोकाला जायची, दोन जिभा मारायची, की ढोल वाजायचा आणि गुंड्याकडचं मीठ दिसायचं. परत इकडे. बारीक बारीक खुरं मातीत घुसत होती, वर येत होती, पुन्हा घुसत होती. दुपारपर्यंत निम्मं गाव ओघळीच्या काठावर बसलं होतं. आमच्या रानातली न्याहारी रानात पोचलीच नाही. मीसुद्धा शेवटी टाळ्या वाजवायला लागले, नवी सून असून.

संध्याकाळी मी बांधावर चढून पाहिलं. अंगणासारखा टणक झाला होता. टाच मारली तर टाचच दुखली.

पहिल्या पावसाचं गढूळ पाणी बांधाशी येऊन थांबलं. ते निवळलं, मुरलं, आणि खाली काळा, लोण्यासारखा गाळ राहिला. मायाक्का त्यात गुडघाभर उतरली. दोन्ही हातांनी गाळ उचलून तिनं मला दाखवला आणि म्हणाली की यात आमच्या लेंड्या ओळखू येतात. मी काठावरून विश्वास ठेवला.

आणि मग तिनं ती चूक केली. ही चूक धनगरच करू जाणे. श्रावण कोरडा गेला. माळ करपला, मेंढरं बोरीच्या काट्यांत तोंड घालायला लागली. सगळ्या शिवारात हिरवं गवत उरलं होतं ते एकट्या बांधावर, कारण ओल तिथंच होती. लुसलुशीत हरळी. धनगराला गवत दिसावं आणि त्यानं मेंढरं आवरावीत असं कधी झालंय? मायाक्कानं चार दिवस दम धरला, पाचव्या दिवशी मेंढरं सोडली. त्यांनी गवत मुळासकट खरवडून खाल्लं, खुरांनी कड उकरली आणि तृप्त होऊन रवंथ करत बसली. तीही खूश होती. म्हणाली, बांधानं पहिलं उत्पन्न दिलं.

उत्तरा नक्षत्रात आकाश फाटलं. आम्ही पोत्यांच्या खोळी घेऊन काठावर उभे होतो. उघड्या पडलेल्या कडेला पाण्यानं आधी एक बोट घातलं, मग हात घातला, आणि मग मधला भाग असा गेला की आवाजानं बैल बुजले. वर्षाचा गाळ डोळ्यांदेखत ओढ्याला लागला. मायाक्काचे डोळे कोरडेच होते. मला मात्र रडू आवरेना.

आप्पा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण बोलताना ते तसं निघेना. ते म्हणाले, "गेली बघ तुजी माती."

मायाक्कानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "माजी गेली? म्हंजी माजी हुती म्हना की."

आप्पा तिथून निघाले ते थेट घरी.

चौतीसच्या उन्हाळ्यात ती पुन्हा ओघळीत उतरली. या खेपेला तिनं एका अंगाला दगड लावून सांडवा ठेवला, म्हणजे जास्तीचं पाणी बांध न फोडता निघून जाईल. मेंढरांनी बांध तुडवल्यावर कडेला स्वतःच्या हातानं हरळीचे ठोंब लावले. आणि मग बाभळीच्या काट्या आणून बांधाभोवती कुंपण घातलं. गुंडा फिरून आला तेव्हा बराच वेळ ते बघत राहिला. आणि म्हणाला, "मेंढरं आपली, बांध आपला. मग कुपान कुनाला?"

"मला," मायाक्का म्हणाली.

त्या वर्षी पुन्हा पावसानं ओढ दिली. हरळी वाऱ्यावर डुलत होती आणि मेंढरं कुंपणाबाहेर उभी राहून ओरडत होती. मायाक्का त्यांच्याकडे पाठ करून बसायची. ती तिथून उठून जायची नाही, आणि वळूनही बघायची नाही. मी एकदा विचारलं की एवढं का छळून घेता, तर म्हणाली की मेंढरांचं ओरडणं संध्याकाळी थांबतं, गेलेली माती थांबत नाही.

बांध टिकला! उत्तरा आलं, हस्त आलं, सांडवा दणादणा वाहिला, आणि बांध जागचा हलला नाही. ओघळीत मांडीभर गाळ साठला. वाफसा होताच तिनं त्यात जोंधळा टोकला. आणि त्या जोंधळ्याचं मी काय सांगू? वर आमच्या पट्टीत ताटं कमरेला लागत होती, आणि खाली ओघळीत मी टाचा उंच केल्या तरी कणीस हाताला येईना. मी आत शिरले आणि क्षणभर वाट चुकले. एका पोसलेल्या कणसाला दोन्ही हात लावून मी मायाक्काला हाका मारत सुटले. गावचे लोक काही ना काही निमित्त काढून तिकडून जायला लागले. आप्पा तेवढे त्या वाटेनं गेले नाहीत.

पण कानावर तर येतच होतं. जेवताना ते मध्येच थांबत आणि म्हणत की माती कुणाची? माझ्या पट्टीतली. खत कुणाच्या धान्याचं? माझ्या. सासूबाई कमलम्मा वाढता वाढता म्हणायच्या की पट्टीत होती तेव्हा तुम्हाला तिचं काही नव्हतं. आप्पा ताटावरून उठत.

सुगी झाली. मायाक्कानं कडबा बांधला, आणि ज्या दिवसाची वाट ती जन्मभर बघत होती तो दिवस आला. वाघर खांद्यावर टाकून ती ओघळीत मेंढरं बसवायला निघाली. बांधावर आप्पा उभे होते.

ते म्हणाले, "माती तुजी म्हनलो हुतो. जागा तुजी म्हनलो न्हवतो. माती उचल आन ने कुटं न्यायाची तितं."

मला इतकी लाज वाटली की मी पदर तोंडावर घेतला. भंडारा मोडला असं कुणाला म्हणता येत नव्हतं, आणि पाळला असंही म्हणता येत नव्हतं. वकिलाच्या घरात जन्माला यायचा माणूस चुकून शेतकऱ्याच्या घरात आला होता.

मायाक्का शांतपणे म्हणाली, "नेते की. पर बांध बी माजा हाय, त्येचे दगूड बी नेते. मग ओघळीचं त्वांड कुटवर येतंय ते तुमच्या चिंचंला इचारा."

आप्पा चिंचेकडे गेले. मीही मागून गेले. तीन वर्षांपूर्वी मी आले तेव्हा ओघळीची कड त्या झाडाच्या मुळांना भिडली होती. दर पावसात कडेचा एक तुकडा कोसळायचा, पट्टी तेवढी आखूड व्हायची, आणि आप्पा म्हणायचे देवाची मर्जी. आता मात्र खाली गाळ भरल्यामुळे कडेला आधार मिळाला होता. गेल्या पावसाळ्यात चिंचेखालची कड एक वीतसुद्धा खचली नव्हती. उघड्या मुळांवर गवत आलं होतं. मायाक्कानं आपल्यासाठी बांध घातला आणि आमचं झाड, आमची पट्टी फुकटात वाचली होती. आप्पांनी मुळावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

ते परत आले तेव्हा काहीच बोलले नाहीत. हो नाही आणि नाहीही नाही. मायाक्कानं वाघर गुंडाळली. म्हणाली की आप्पांच्या तोंडून 'बसीव' असा शब्द येईपर्यंत या रानात एक मेंढरू बसणार नाही. आज गप्प राहून मागून हक्क सांगणारा मालक तिला नको होता.

असं ते रान तयार होऊन पडून राहिलं. पिकवायला तिचं, आणि मेंढरं बसवायला कुणाचंच नाही.

आता आप्पांची गंमत ऐका. महिनाभरात त्यांनी जाहीर केलं की चिंचेच्या पट्टीला बांध घालायचा. एक ढेकूळ खाली जाऊ द्यायचं नाही. खात्याची माणसं दोन वर्षं जे सांगून थकली ते काम शेवटी मत्सरानं केलं. मजूर लावले, उताराला आडवी माती पडली. आणि मग अडलं. ठोकायला धुमसवाली माणसं विचारली, तर नुसत्या ठोकण्याची मजुरी सगळ्या बांधाच्या मजुरीला भिडत होती. न ठोकता ठेवावा तर पहिल्या पाण्यात जाईल. स्वस्तात काम करणारे पाय साऱ्या शिवारात एकाच बाईकडे होते. आप्पा स्वतः जाईनात. त्यांनी मला पाठवलं.

मी माळावर तिच्या मेंढरांच्या वाड्यावर गेले आणि निरोप सांगितला. पण मग मला राहवेना. मी म्हणाले, मायाक्का, येऊ नका. पट्टीची माती पट्टीत अडली की तुमच्या ओघळीत काय येणार? अजून ती निम्मीसुद्धा भरलेली नाही. तुमच्याच हातानं तुमच्या रानाचा घास बंद होईल. आणि यायचंच असेल तर आधी त्यांच्याकडून 'बसीव' म्हणवून घ्या. आता ते अडलेत.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अडवून घेतलेला शबुद सुटल्यावर माघारी जातोय, वैनी. आन मातीचं म्हनशीला, तर मला मिळायची तेवडी मिळाली. त्येच्या रानात टाकल्यालं खत त्येच्याच रानात ऱ्हायलं, तर खळ्यावर माजं सूप भरंल का न्हाय? धा रानांत बांध पडले तर धा सुपं भरतील. एक ओघळ घिऊन मी काय करू?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढा साधा हिशेब, आणि आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

ती आली आणि ओट्याखाली उभी राहून तिनं आपली अट सांगितली. तुडवायची मजुरी नको. मेंढरं बसवायचं ठरलेलं धान्यही नको. गेल्या सुगीला पट्टीत जेवढी रास झाली तेवढी आप्पांची. बांध घातल्यावर त्याच्या वर जे पिकेल त्यातला चौथा वाटा तिचा. काही वाढलं नाही तर तिला काही नको. आप्पांचे डोळे चमकले. बांधानं जोंधळा वाढत नाही असं तर ते जन्मभर म्हणत आले होते. म्हणजे फुकटातच काम झालं. त्यांनी स्वतःच भंडारा मागितला. सासूबाई आतून कानडीत म्हणाल्या की निदान या खेपेला तोंडाआधी डोकं चालवा. पण हात लागला होता.

तुडवणीच्या दिवशी मीठ धरायला आप्पा स्वतः उभे राहिले. मेंढरांना मालक कोण आणि मजूर कोण हे कळत नाही. बोकडानं त्यांच्या मुठीतलं मीठ संपवलं आणि धोतराचा सोगा चावायला घेतला, आणि मागून अख्खा कळप आला. आप्पा बांधावरून खाली बसते झाले. उठले ते हसतच. त्यांना स्वतःवर हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घराची हवा बदलली असं मला वाटतं.

पस्तीसचा पाऊस काही जगावेगळा नव्हता. पण तो पट्टीत थांबला, मुरला. खालच्या ओघळीत अगदी थोडं पाणी आलं, आणि ते जवळजवळ स्वच्छ. मायाक्कानं ते ओंजळीत घेऊन पाहिलं आणि सोडून दिलं. तिची ओघळ मांडीएवढी भरून थांबली ती कायमची. पण वरून मुरलेली ओल तिला मिळत राहिली, आणि जोंधळा तिथं डौलातच आला.

आणि आमची पट्टी! मुरूम दिसणाऱ्या त्या उतारावर कणसं अशी लवली की आप्पा रोज सकाळी उठून बघायला जायचे, जणू रात्रीतून कुणी नेतील. खळ्यावर रास पडली तेव्हा जुनी रास बाजूला काढूनसुद्धा तेवढाच आणखी एक ढीग उरला. आप्पा त्या ढिगाकडे बघत कितीतरी वेळ उभे होते. मग त्यांनी माप घेतलं आणि मायाक्काचा चौथा वाटा घातला. हात आखडला नाही. प्रत्येक मापाला शीग लावली. मायाक्का घोंगडी पसरून बसली होती, ती घोंगडी भरली आणि दुसरी आणावी लागली. त्याच खळ्यावर वीसेक शेतकऱ्यांनी तिला विचारलं की आमच्या रानात कधी येशील. तिनं सगळ्यांना तीच अट सांगितली, आणि आधी बांध घाला मग बोलवा असं बजावलं. ज्याच्या रानाला बांध नाही त्याच्या रानात तिची मेंढरं पुन्हा कधी बसली नाहीत. दोन उन्हाळ्यांत होनमाळचं शिवार ढोलानं दणाणून गेलं. मायाक्का ढोल वाजवायला दुसरा माणूस शोधायला लागली, कारण गुंड्याचे हात दुखायला लागले होते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सुगीच्या नंतरचं. एका संध्याकाळी आप्पांनी सासूबाईंना दोन माणसांच्या भाकरी करायला सांगितल्या. मला वाटलं पट्टीत मेंढरं बसायची आहेत. मी टोपलं उचलायला गेले, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, पटका काढून त्याची चुंबळ केली आणि टोपलं स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. गावातून आप्पा टोपलं घेऊन चालले म्हटल्यावर माणसं ओट्यांवरून उठून उभी राहिली. मी मागून कालवणाचं भांडं घेऊन. पट्टी आली. ते थांबले नाहीत. चिंचेखालून ते ओघळीच्या बांधावर गेले, काट्यांच्या कुंपणातून वाट काढून आत उतरले आणि धसकटात टोपलं ठेवलं.

मायाक्का माळावरून येत होती. पुढे मेंढरं, मागे गुंडा. तिनं आम्हाला पाहिलं आणि ती बांधाशी थबकली.

"बसीव," आप्पा म्हणाले.

ती टोपल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रान माजं हाय नव्हं?"

"तुजं."

"मग भाकरी तुमी का आनली?"

आप्पांनी खाली वाकून मूठभर माती उचलली. मग म्हणाले, "माती माज्या पट्टीची हाय. तिच्यासाटी मेंढरं बसायची आन मेंढका उपाशी निजायचा व्हय?"

मायाक्कानं पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत, बांध फुटला तेव्हासुद्धा, ती रडलेली मी पाहिली नव्हती. मग ती खाली बसली, टोपल्यातली भाकरी मोडली आणि अर्धी आप्पांच्या पुढे धरली. ते धसकटातच मांडी घालून बसले. गुंड्यानं वाघरीचे खुंट ठोकले, आणि मेंढरं एकामागून एक मायाक्काच्या रानात उतरायला लागली.